इंजिनाला हात न लावता

आमच्या घरात कोरी म्हणून आलेली पहिली वस्तू म्हणजे ही बोट. त्याआधी जे काही आलं ते कुणाच्या तरी घरातून, कुणाला तरी नकोसं होऊन आलं. फ्रिज आला तो दार नीट लागत नव्हतं म्हणून. शिलाई मशीन आलं ते टाके सोडत होतं म्हणून. आणि आमची गाडी तर पहिल्या मालकानं वैतागून रस्त्याच्या कडेला सोडली होती, तिथून मी ती ढकलत आणली. मी जन्मभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. बिघडलेली वस्तू दिसली की माझे हात शिवशिवतात, आणि चांगली चालणारी दिसली तर ती आणखी चांगली कशी चालेल म्हणून शिवशिवतात. बायको सांगते की निम्म्या संसारात रविवारी तिला माझे फक्त पायच दिसले, बाकीचा मी कशाच्या तरी खाली असायचो.

म्हणून निवृत्तीनंतर बोट घ्यायचं ठरलं तेव्हा तिनं दोन गोष्टी ठणकावून सांगितल्या. बोट कोरी करकरीत हवी, आणि तिच्या इंजिनाला मी हात लावायचा नाही. काही झालं तर कंपनीचं माणूस येईल, वॉरंटी कशासाठी असते. मी हो म्हणालो. नवीन इंजिनाला काय होतंय, असं मला तेव्हा वाटलं होतं.

इंजिनाच्या मुख्य बोल्टांवर कंपनीनं पिवळ्या रंगाचे ठिपके दिले होते. बोल्टला पान्हा लागला की ठिपका तडकणार आणि ठिपका तडकला की वॉरंटी गेली. विकणारा हे सांगत होता तेव्हा बायको शेजारीच उभी होती. तिनं चष्मा लावून ते ठिपके एकेक करून बघून घेतले आणि मग माझ्याकडे बघितलं. मी हात खिशात घातले.

आता बोट घ्यायचं खरं कारण सांगतो. ते म्हणजे माझी थोरली मेहुणी. बायको तिला ताई म्हणते म्हणून मीही ताई म्हणतो, आणि ताई मला लग्नाच्या दिवसापासून मिस्त्री म्हणतात. त्यांचं गाव आमच्या दारातल्या खाडीच्या पलीकडे, बरोब्बर आमच्या समोर. हवा स्वच्छ असली की आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांच्या घराचं लाल छत दिसतं. मधली फेरीबोट बंद पडून जमाना झाला, पूल होणार होणार म्हणता म्हणता झाला नाही, आणि रस्त्यानं जायचं तर सगळ्या पाण्याला वळसा घालत वळणावळणांनी जावं लागतं. ताईंना मोटारीत बसलं की पहिल्याच वळणाला मळमळतं. त्यामुळे दोघी सख्ख्या बहिणी समोरासमोर राहून फोनवर बोलायच्या. 'तुझ्या छतावर ढग आलेत बघ, वाळत घातलेलं उचल,' असं ही इथून सांगायची आणि ताई तिथं उचलायच्या.

ताईंचा मुलगा विमानानं जावं लागेल इतक्या लांब राहतो. तो आता त्यांना कायमचं आपल्याकडे न्यायला येणार होता. एकटीनं राहायचे दिवस संपले, हे ताईंनीही मान्य केलं होतं. त्याआधी बायकोला एकच गोष्ट करायची होती. ताईंना एकदा पाण्यावरून आपल्या घरी आणायचं आणि एक रात्र ठेवून घ्यायचं. आम्ही या घरात आल्यापासून ताईंनी आमचं स्वयंपाकघर पाहिलेलं नव्हतं, आणि ही रोज त्याच स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्यांचं छत बघत होती. एरवी काही मागायची सवय नसलेली बाई हे एकदाच बोलली आणि मी बोटीच्या मागं लागलो.

बोट तशी देखणी. पांढरी, मागच्या बाजूला चार माणसं ऐसपैस बसतील अशी, आणि पुढं एक बुटकी खोली. खोलीत दोन्ही बाजूंना झोपता येईल असे बाक, बाकांखाली सामानाचे कप्पे, आणि मधोमध इंजिन. इंजिनावर रुंद झाकण. झाकण लावलं की त्याचंच टेबल होतं. बायकोनं पहिल्याच दिवशी त्यावर टेबलक्लॉथ घातला. ज्याच्या खाली इंजिन आहे त्यावर टेबलक्लॉथ, हे बघून मला कसंतरीच झालं.

पहिल्या आठवड्यातच पंप बिघडला. तळात साचलेलं पाणी उपसून आपोआप थांबणारा तो पंप होता, तो थांबेचना. पाणी संपलं तरी कोरडाच घरघरत राहिला. मी बायकोकडे बघितलं. तिनं फोन माझ्या हातात दिला.

कंपनीनं एक मुलगी पाठवली. डेपोत मी ज्या बसगाड्यांवर हात काळे केले त्यातल्या कित्येक हिच्याहून वयानं मोठ्या असतील. केस घट्ट बांधलेले, कपाळाला दिवा, आणि अवजारांची पेटी अशी लावलेली की मला हेवा वाटला. आली ती सरळ तळात डोकं घालून बसली आणि आतूनच गप्पा मारायला लागली. तिला बोलायला कोणी तरी लागायचं, समोर चेहरा असलाच पाहिजे असं नाही. पंप बदलून झाला. मग सुकाणूच्या नळीतून तेल झिरपायला लागलं, तेव्हा ती परत आली. मग बॅटरी चार्ज होईना, तेव्हाही आली. प्रत्येक वेळी मी धक्क्यावर उभा, हात खिशात, आणि ती आतून सांगणार, "काका, बघा हं, पट्टाच सैल आहे." पट्टा सैल आहे हे मला आवाजावरून आदल्या दिवशीच कळलेलं असायचं. पण मला विचारतो कोण.

बायको मात्र या सगळ्यात खूश होती. तिला ती पोरगी आवडायची. कंपनीचं माणूस यायचं म्हटलं की आदल्या दिवशी ही बादली आणि फडकी घेऊन बोटीवर जायची आणि आतलं सगळंच्या सगळं घरी आणून ठेवायची. उशा, पांघरुणं, किटली, टेबलक्लॉथ, डबे. "परकं माणूस येणार, आपला पसारा कशाला दाखवायचा?" हे तिचं म्हणणं. घरी डॉक्टर यायचे असले तरी ही आधी चादर बदलणार आणि मग ताप मोजू देणार. पोरगी गेली की दुसऱ्या दिवशी सगळं सामान परत बोटीवर. ने-आण करायला अर्थात मीच. याला हात लावायला मला बंदी नव्हती.

यातच ताईंसाठीच्या रजयांची भर पडली. ताईंना थंडी फार लागते आणि पाण्यावर वारा असतोच, म्हणून बायकोनं चार जाडजूड रजया तयार केल्या आणि दोन्ही बाकांखालच्या कप्प्यांत अशा कोंबल्या की झाकण गुडघ्यानं दाबून लावावं लागायचं. तिला मी म्हटलंही, ताई काय बर्फात चालल्या आहेत का. त्यावर ती म्हणाली, थंडी कुणाला किती वाजते ते ज्याचं त्याला कळतं.

साधारण त्याच सुमाराला खरा घोटाळा सुरू झाला. बोट हळू चालवली तर गोगलगाईसारखी गुमान चालायची. वेगाचा दांडा पूर्ण पुढं ढकलला की थोडा वेळ झकास पळायची, आणि पाण्याच्या मध्यावर आलो की एकदम दम सोडायची. आवाज जड व्हायचा, मागं काळा धूर, आणि वेग निम्मा. दांडा मागं घेतला की थोड्या वेळानं पुन्हा शहाणी.

फोन केला. बायकोनं बोट रिकामी करून घासूनपुसून ठेवली. पोरगी आली, तिनं आधी इंजिनाचं झाकण उघडलं, कपाळाचा दिवा लावून शेजारी मांडी घातली आणि म्हणाली, "काका, घ्या पूर्ण वेगात." मी घेतली. बोट अशी पळाली की बायकोनं कठडा धरला. धूर नाही, दम लागणं नाही, काही नाही. आम्ही पार मध्याच्या पुढं जाऊन आलो. पोरीनं तरीही डिझेलचा फिल्टर बदलला, लॅपटॉप जोडून बघितला आणि गेली. दुसऱ्या दिवशी रजया, उशा, किटली सगळं परत चढवलं, फिरायला निघालो, आणि मध्यावर काळा धूर.

पुन्हा फोन, पुन्हा घासणं-पुसणं, पुन्हा पोरगी, पुन्हा झाकण उघडून चाचणी, आणि पुन्हा इंजिन एकदम सालस. तिसऱ्या वेळीही तेच. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं आणि पाहुणे गेले की हातपाय आपटणारं पोर असतं ना, तसा प्रकार. पोरगी मला काही म्हणाली नाही, पण तिच्या नजरेत मला दिसलं की काकांना भास होतात असं तिच्या मनात यायला लागलंय. मला ते फार झोंबलं. ज्यानं आयुष्यभर इंजिनांचे आवाज ओळखले त्याच्यावर ही वेळ.

त्या दिवसापासून मी तोंड फुगवून बसलो. मला हात लावायचा नाही ना, मग डोकं तरी मी कशाला लावू? वॉरंटी आहे, कंपनी आहे, त्यांचं ते बघून घेतील. धूर निघाला की मी घड्याळात बघायचो आणि फोनवर वेळ सांगायचो, रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतला माणूस सांगतो तशी. बायको हे सगळं बघत होती.

एकदा जेवताना ती म्हणाली, "हळू चालवली तर काही होत नाही ना?"

"नाही."

"मग हळूच जाऊ. ताईला आणू आणि हळूच येऊ."

"कोरी बोट आहे," मी म्हणालो. "अर्ध्या ताकदीवर चालवायला ती काय मी भंगारातून उचलली?"

"इतकी वर्षं सगळं भंगारातूनच आणलंत आणि पूर्ण ताकदीवर चालवलंत. आता एकदा कोरं आहे ते अर्ध्यावर चालवा."

"आणि मधेच बंद पडली तर? ताई आधीच पाण्याला भितात. त्यांना मध्यावर बसवून मी फोन करत बसू का?"

हे बोलणं खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं. मला पूर्ण वेगातच जायचं होतं. लग्नात ज्याला मिस्त्री म्हणून चिडवलं त्यानं, मळमळ नाही, वळण नाही, बाण सुटल्यासारखं थेट पलीकडून अलीकडे आणलं, हे ताईंना दाखवायचं होतं. बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि ताटं उचलायला लागली. "तुम्हाला ताईला आणायचंय का इंजिनाला जिंकवायचंय, ते एकदा ठरवा," एवढंच ती म्हणाली.

आणि दोनच दिवसांनी ताईंचा फोन आला. मुलाला पुढं सुट्टी मिळत नव्हती म्हणून त्यानं तिकिटं अलीकडची काढली होती. पुढच्या महिन्यात जायचं ते आता पुढच्या आठवड्यात. बायको फोनवर "बरं झालं, बरं झालं, एकदाचं होऊन जाऊ दे," असं म्हणत राहिली आणि फोन ठेवून ओट्याजवळ नुसती उभी राहिली. खिडकीतून छत दिसत होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, ते आलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाजारात गेल्यावर मी माझा जुना पान्हा खिशात घालून बोटीवर गेलो. टेबलक्लॉथ बाजूला केला, झाकण उचललं. पिवळे ठिपके समोरच. एका बोल्टवर पान्हा बसवलासुद्धा. पान्हा असा चपखल बसला की हाताला ओळख पटली. खरं सांगतो, वॉरंटीचं मला काहीच वाटत नव्हतं. पण एवढ्या संसारात बायकोनं माझ्यापाशी शब्द मागितला होता तो हा एक, आणि तेवढाही मला पाळता येत नाही हे तिला दिसलं असतं. ते मला सोसलं नसतं. पान्हा काढून खिशात टाकला, झाकण लावलं, टेबलक्लॉथ सारखा केला आणि घरी येऊन कंपनीला पुन्हा फोन केला. या वेळी जरा आवाज चढवून. परवा येते, असं पोरीनं सांगितलं.

आली ती दुसऱ्याच दिवशी. जवळपासचं कुठलं तरी काम लवकर आटपलं, म्हणून न सांगता थेट धक्क्यावर हजर. आम्ही दोघं तेव्हा बोटीवरच होतो. बायको आवराआवरीला नुकतीच लागत होती, म्हणजे अजून काहीच आवरलेलं नव्हतं. टॉवेल वाळत होते, उशा बाकावर, किटली गॅसवर.

"अगं, फोन तरी करायचास," बायको टॉवेल गोळा करत म्हणाली. परक्या माणसासमोर पसारा म्हणजे तिचा जीव अर्धा होतो.

"असू द्या हो काकू. माझं घर बघितलंत तर इथं कौतुक कराल माझं."

"आता आलीच आहेस तर आधी चहा."

चहा नको म्हणायची सोय आमच्या घरात नाही. बायकोनं झाकणावरच्या टेबलक्लॉथवर कप मांडले, बिस्किटं मांडली. पोरीनं एकदा कपांकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि म्हणाली, "चला काका, चहा घेतघेतच निघू. मध्यावर गेलं की बघू काय ते." मी दोर सोडले. असे आम्ही पहिल्यांदाच झाकण लावून आणि सामानासकट तिच्यादेखत निघालो.

मध्यावर मी दांडा पूर्ण पुढं ढकलला. बोट पळाली. आणि मग तोच जड आवाज, मागं काळा धूर, वेग निम्मा. मला इतका आनंद झाला की काय सांगू. बिघाडाचा आनंद झालेला फिटर जगात मी एकटाच असेन. "बघ," मी म्हणालो. "बघ आता."

पोरीनं कप बायकोच्या हातात दिला, बिस्किटांची बशी बाकावर ठेवली आणि झाकण उचललं. उचलता क्षणीच इंजिनाचा आवाज मोकळा झाला. धूर थांबला. मी दांड्याला हातही लावला नव्हता. तिनं झाकण खाली ठेवलं. थोड्या वेळात आवाज पुन्हा जड, पुन्हा धूर. उचललं, मोकळा. ठेवलं, जड. ती माझ्याकडे बघून हसायला लागली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. काळा धूर म्हणजे हवा कमी पडतेय, हे आमच्या डेपोत आवार झाडणारासुद्धा सांगायचा. मला पहिल्या दिवशी कळायला हवं होतं. पण मी रुसलो होतो ना.

"हवा येते कुठून हिला?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंनी जाळ्या आहेत बाहेर. तिथून बाकांखालच्या कप्प्यातून आत." असं म्हणत तिनं बाकावरच्या उशा बाजूला केल्या आणि कप्प्याचं झाकण उघडलं. दाबून बसवलेली रजई फुगून वर आली. तिच्या मागं दुसरी. पोरीनं हात कोपरापर्यंत आत घातला आणि जाळीपर्यंत चाचपडून बघितलं. "काकू," ती म्हणाली, "तुम्ही हिचं नाक दाबून धरलं होतंत."

मग सगळं एका दमात उलगडलं. पोरगी यायची म्हटलं की आम्ही कप्पे रिकामे करायचो. आल्याआल्या ती इंजिनाचं झाकण उघडायची. बिघाड बिचारा दिसणार कुठून.

मला हसू फुटलं, पण बायकोचा चेहरा पाहिला आणि ते आतल्या आत जिरलं. ती हातात अर्धा कप धरून तशीच उभी होती. "म्हणजे माझ्यामुळं," ती म्हणाली. "ताईसाठी म्हणून भरल्या त्या रजया, आणि त्यांच्यामुळंच इतके दिवस ताईला आणायचं राहिलं."

"काहीतरीच काय काकू," पोरगी म्हणाली. "हवेची वाट सामानाच्या कप्प्यातून कोण काढतं? आणि काढली तर जाळीपुढं आडोसा नको? ही कंपनीची चूक. आता आडोसा मी बसवून देते, वॉरंटीत. मग तुम्ही गाद्या भरल्यात तरी चालेल."

"आणि माझ्यामुळंसुद्धा," मी म्हणालो. "तू अट घातलीस ती हातांना. डोकं मी आपणहून बंद ठेवलं."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडून असलं काही ऐकायची तिला सवय नाही. तिनं उरलेला चहा पिऊन टाकला आणि म्हणाली, "निदान एवढं तरी कबूल केलंत."

धक्क्यावर परत आल्यावर पोरीनं गाडीतून एक भोकाभोकांची पट्टी आणली, दोन तुकडे कापले आणि दोन्ही कप्प्यांत जाळीपासून वीतभर अलीकडे उभे केले. "काका, जरा धरता का?" तिनं विचारलं. मी बायकोकडे बघितलं.

"धरा की," बायको म्हणाली. "इंजिन थोडंच आहे ते."

मी धरलं. स्क्रूसुद्धा मीच पिळले, पोरगी मधेमधे बिस्किटं खात राहिली. इतक्या आठवड्यांत मला इतकं छान कधी वाटलं नव्हतं. मग चारही रजया कप्प्यात भरून, झाकण लावून, वर कप मांडून आम्ही तिघं परत एकदा मध्यापर्यंत जाऊन आलो. बोट शेवटपर्यंत पळाली.

ताईंना आणायला आम्ही दुसऱ्या दिवशी निघालो. जाताना मी दांडा पूर्ण पुढं ढकलला तो पलीकडचा धक्का येईपर्यंत मागं घेतला नाही. पाणी दोन्ही बाजूंना उडत होतं, बायकोचे केस सुटले होते आणि ती मोठमोठ्यानं काहीतरी सांगत होती, ते मला ऐकू येत नव्हतं. लाल छत बघता बघता घराएवढं झालं. आयुष्यात पहिल्यांदा एक कोरी वस्तू माझ्या हाताखाली पूर्ण ताकदीनं चालली होती आणि तिच्यात दोन-चार स्क्रूंपलीकडे माझं काही नव्हतं, तरीही मला तिचा अभिमान वाटला.

ताई छोटी पिशवी घेऊन धक्क्यावर उभ्या होत्या. अंगात दोन स्वेटर. मागच्या भेटीपेक्षा फारच वाळल्या होत्या. माझ्या खांद्याला धरून एक पाय बोटीत टाकत म्हणाल्या, "मिस्त्री, बुडवणार नाही ना?"

"नवी आहे ताई. वॉरंटी आहे."

"बोटीची असेल. माझी कधीच संपली."

बायकोनं त्यांना मागच्या बाकावर बसवलं, रजई लपेटली आणि अगदी खेटून बसली. मी दोर सोडले, बाहेर आलो आणि दांडा पुढं ढकलला. आता दाखवायचं होतं. बोटीनं नाक उचललं, इंजिन खणखणीत गायला लागलं. मागं वळून पाहिलं तर ताईंनी डोळे मिटून घेतले होते आणि बायको त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडत होती. ताई मान हलवत होत्या, म्हणजे ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी हात वर केला.

"मिस्त्री," त्या ओरडून म्हणाल्या, "हिला हळू चालता येत नाही का हो?"

मी दांडा मागं घेतला. पाणी शांत झालं, इंजिनाचा आवाज खाली बसला आणि त्या दोघींचे आवाज वर आले. ताई सांगत होत्या, घर आवरताना काय काय सापडलं, मुलगा कसा प्रत्येक वस्तू टाकून द्या म्हणतो, आणि विमानात खिडकीशी जागा मिळाली तर ढगच दिसतात का खाली जमीनही दिसते. बायको मधेच हसत होती, मधेच "आणि मग?" म्हणत होती. तिकडं खिडकीतून कुणाचं छत बघणार मी, असं ताई एकदा म्हणाल्या, आणि बायकोनं त्यांच्या अंगावरची रजई आणखी वर ओढली.

हा तोच वेग होता ज्यात पहिल्या दिवसापासून कधीही काहीही बिघडलं नव्हतं. या वेगानं आम्ही ताईंना कुठल्याही दिवशी आणू शकलो असतो. एकदा नाही, आठवड्यातून दोनदा आणू शकलो असतो, आणि एव्हाना आमच्या स्वयंपाकघरातल्या कुठल्या डब्यात काय आहे ते ताईंना पाठ झालं असतं. हे मला तिथं, त्या दांड्यावर हात ठेवून उभं असताना समजलं.

आमचा धक्का दिसायला लागला. घराची खिडकीही दिसायला लागली. ताईंची गोष्ट अर्ध्यावर होती, त्यांच्या लहानपणच्या कुठल्या तरी मास्तरांची, आणि बायको ती पहिल्यांदाच ऐकतेय असं ऐकत होती. मी सुकाणू हळूच फिरवलं. बोटीचं नाक धक्क्यापासून वळलं आणि आम्ही परत उघड्या पाण्याकडे निघालो.

बायकोच्या ते लगेच लक्षात आलं. "काय झालं हो?"

"इंजिन जरा कुरकुर करतंय," मी म्हणालो. "एक मोठी फेरी मारून बघावं लागेल. हळूहळू."

तिनं कान दिला. माझ्यासारख्याबरोबर संसार केलेल्या बाईला निरोगी इंजिनाचा आवाज कळत नाही असं होत नाही. ती माझ्याकडे बघत राहिली.

"कंपनीला फोन करायचा का?" ताईंनी विचारलं.

"नको," बायको म्हणाली. "यांना बघू दे काय करायचं ते. तू सांग, मग मास्तर काय म्हणाले?"